ऐकणाऱ्याच्या बाजूला

समोरच्याला ऐकू गेलं नाही की आपण आवाज चढवतो. फोनवर तर हमखास. पलीकडून दोनदा ‘हॅलो, हॅलो’ आलं की आपला सूर टिपेला जातो. शेजारच्या बिऱ्हाडाला सगळं कळतं, ज्याला कळायला हवं तो मात्र ‘हॅलो’च म्हणत राहतो. ही सवय इतकी जुनी आहे, की तिच्यापायी एकदा अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेली अख्खी केबल वाया गेली.

साल १८५८. आयर्लंडच्या व्हॅलेन्शिया बेटापासून न्यूफाउंडलंडपर्यंत तारायंत्राची केबल टाकून झाली होती. ऑगस्टमध्ये व्हिक्टोरिया राणीनं अमेरिकेचे अध्यक्ष बुकॅनन यांना संदेश धाडला. शब्द ९८, आणि तो पलीकडे पोहोचायला लागले सुमारे १६ तास. इकडे विजेचा ठोका द्यावा, तर तिकडे तो ठोका म्हणून उगवतच नसे. सावकाश चढणारी आणि त्याहून सावकाश ओसरणारी एक लाट तेवढी पोहोचे. एक लाट ओसरण्याआधी दुसरी आली की दोन्ही मिसळून जात. विल्यम थॉमसन या ग्लासगोच्या प्राध्यापकानं हे आधीच गणितानं दाखवून दिलं होतं : केबलची लांबी दुप्पट केली तर हा विलंब चौपट होतो. कंपनीचे विद्युत-अधिकारी वाइल्डमन व्हाइटहाउस हे पेशानं शल्यविशारद. त्यांना हे गणित मान्य नव्हतं. संदेश क्षीण येतोय ना, मग जोर वाढवा, असा त्यांचा सरळ हिशेब. त्यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचे झटके केबलमध्ये सोडले. केबल मुळात सदोष होती हे खरं, पण या माऱ्यानं तिची उरलीसुरली धुगधुगीही गेली. काही आठवड्यांतच ती मुकी झाली.

थॉमसननं उलट वाट धरली होती. रेशमाच्या धाग्यावर टांगलेला इवलासा आरसा, त्याच्या पाठीला चिकटवलेले चुंबकाचे कपटे आणि समोर दिवा. केबलमधून नावापुरता प्रवाह आला तरी आरसा किंचित वळे आणि त्यावरून परावर्तित झालेला उजेडाचा ठिपका पट्टीवर सरके. पाठवणाऱ्यानं काहीच वाढवायचं नाही. घेणाऱ्यानं जास्त हळवं व्हायचं. १८६६ साली नवी केबल यशस्वी झाली आणि आदल्या वर्षी अर्ध्यात तुटलेलीही पुरी करण्यात आली. मग लॅटिमर क्लार्क या अभियंत्यानं दोन्ही केबल पलीकडच्या टोकाला जोडायला लावल्या. म्हणजे महासागर एकदा ओलांडायचा आणि पुन्हा परत यायचं. बॅटरी म्हणून त्यानं वापरलं शिवणकामातलं चांदीचं अंगुस्तान, जस्ताचा एक तुकडा आणि आम्लाचे थोडे थेंब. संदेश नीट वाचता आला. ही केबल टाकणारं ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाज १८७० साली मुंबईला आलं आणि इथून एडनपर्यंत तार अंथरून गेलं.

दळणवळणाच्या शास्त्राची पुढची दीडशे वर्षं मला या अंगुस्तानाचाच विस्तार वाटतात. काचतंतूंचं प्रकरणही त्यातलंच.

खिडकीची काच समोरून पारदर्शक दिसते, पण कडेनं पाहिली तर हिरवट. तो हिरवेपणा काचेचा नसतो, तिच्यात मिसळलेल्या लोहाचा असतो. १९६६ साली इंग्लंडमधल्या हार्लो इथल्या प्रयोगशाळेत चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी नेमकं हेच ताडलं. तेव्हाच्या काचतंतूत एका किलोमीटरला साधारण हजार डेसिबेल प्रकाश हरवत असे. सगळ्यांचा समज असा, की काच म्हणजे अशीच असायची. काओंचं म्हणणं, दोष काचेचा नाही, मळाचा आहे. मळ काढा आणि हा ऱ्हास किलोमीटरला २० डेसिबेलवर आणा, मग संदेशवहन जमेल. २० डेसिबेल म्हणजे किलोमीटरअखेर शंभरातला एक भाग उरणं. चारच वर्षांनी, १९७० साली, अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत मॉरर, केक आणि शुल्ट्झ या तिघांनी १७ डेसिबेलचा तंतू ओढला. आज तोच शंभरावा भाग शंभर किलोमीटरनंतर उरतो. असे तंतू आता छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीतही ओढले जातात.

(काओंना २००९ साली नोबेल मिळालं तेव्हा आपल्याकडे नरिंदरसिंग कपानींवर अन्याय झाल्याची हळहळ उमटली. कपानींचं १९५४ चं काम अस्सल होतं, यात वाद नाही. पण ते तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेण्याचं होतं, आणि अंतर अगदी थोडं. काओंनी विचारला तो प्रश्नच वेगळा होता. हळहळीपेक्षा दोघांचे निबंध शेजारी ठेवून वाचावेत.)

काच निर्मळ झाल्यावर थॉमसनची जुनी अडचण नव्या वेषात समोर आली. प्रकाशाच्या एका ठोक्यात एकच तरंगलांबी नसते, आजूबाजूच्या थोड्या असतात. नेहमीच्या तंतूत १५५० नॅनोमीटरच्या आसपास आखूड तरंगलांबी पुढे सटकते, लांब तरंगलांबी मागे रेंगाळते. फरक अगदी क्षुल्लक : तरंगलांबीत एका नॅनोमीटरचं अंतर असेल, तर किलोमीटरमागे सुमारे १७ पिकोसेकंद. पण हजार किलोमीटर जाऊ द्या, आणि सेकंदाला बत्तीस अब्ज ठोके पाठवत असाल तर प्रत्येक ठोका आजूबाजूच्या शंभराहून अधिक ठोक्यांवर पसरलेला असतो. पलीकडे पोहोचतो तो निव्वळ काला.

यातली खरी गंमत अशी, की हा काला सोडवता येतो. निरोप दोन तऱ्हांनी बिघडतो. एक बिघाड वाटेच्या स्वभावातून येतो. वाट प्रत्येक ठोक्याला तेच करते, त्याच नियमानं करते. नियम कळला की उलटं गणित मांडून केलेलं सगळं पुसता येतं. दुसरा बिघाड गोंगाटाचा. तो कुठूनही, कसाही येतो, आधीच्या क्षणाशी त्याचं काही देणंघेणं नसतं, आणि त्याला उलटं गणित नाही. पडद्यावर दोन्ही सारखेच भेसूर दिसतात. संदेश गाळून घेण्याचं सगळं संशोधन, म्हणजे फिल्टरचं शास्त्र, या दोहोंना वेगळं ओळखण्यात गुंतलेलं आहे.

असा फिल्टर करतो तरी काय? आलेल्या लहरीची आत्ताची किंमत, थोडी आधीची, थोडी नंतरची, अशा काही किमती घेतो, प्रत्येकीला एकेका आकड्यानं गुणतो आणि बेरीज करतो. बस. कसब आहे ते आकडे निवडण्यात. स्टॅनफर्डमध्ये बर्नार्ड विड्रो आणि टेड हॉफ यांनी १९६० साली त्याची एक साधी रीत छापली : उत्तर चुकलं की चूक किती आणि कोणत्या दिशेनं हे पाहायचं आणि प्रत्येक आकडा चूक कमी होईल असा किंचित सरकवायचा. एकदम मोठी दुरुस्ती नाही. १९६५ साली बेल लॅब्जच्या रॉबर्ट लकी यांनी टेलिफोनच्या तारेवर स्वतःचे आकडे स्वतःच जुळवून घेणारा फिल्टर बसवला. ज्यांनी १९९५ नंतरच्या काळात घरच्या फोनवरून इंटरनेट जोडलं आहे, त्यांच्या कानात मोडेमची ती किर्र-खर्र अजून असेल. त्या कर्कश गोंधळात दोन यंत्रं एकमेकांना आधी ठरलेला मजकूर पाठवत असत आणि तो पलीकडे कसा बिघडून पोहोचतो हे पाहून आपले फिल्टर शिकवून घेत. खरं बोलणं त्यानंतर सुरू होई. पुढे १९८० साली फ्रान्समध्ये डोमिनिक गोदार यांनी तर ठरलेल्या मजकुराचीही गरज ठेवली नाही. काय पाठवलं हे माहीत नसलं तरी पाठवणाऱ्याच्या एकूण धाटणीची कल्पना असेल, तर तेवढ्यावर फिल्टर मार्गाला लागतो.

इथं मन घराकडे वळतंच. काही माणसं काळजीही तिरसटपणे करतात. ‘जेवलास का’ हा प्रश्न त्यांच्या तोंडून खेकसल्यासारखा बाहेर पडतो. घरातली जाणती व्यक्ती तो तिरसटपणा आपोआप वजा करते आणि काळजी तेवढी ऐकते. पाहुण्याला मात्र फक्त खेकसणं ऐकू येतं. पण हे गणित माणसांवर फार ताणू नये असंही वाटतं. आपला स्वभाव समोरच्याला कळलाय हे कळलं की माणूस बदलतो. काचेला तेवढं कळत नाही. तशी तीही अगदी अचल नसते. ऊन वाढलं, शेजारून आगगाडी गेली, तरी तंतूतल्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरते, आणि फिल्टरला त्या फिरण्याचा माग सतत ठेवावा लागतो.

नॉर्बर्ट वीनर यांनी दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफांच्या नेमासाठी जे गणित मांडलं, त्यातून निघणारी एक गोष्ट मला या सगळ्यात शहाणपणाची वाटते. वाटेनं जे दाबलं ते पूर्ण उचलून मूळ पदावर आणायचं, असा हट्ट फिल्टरनं धरला तर त्याच जागी साचलेला गोंगाटही तितकाच उचलला जातो. म्हणून उत्तम फिल्टर थोडा बिघाड तसाच राहू देतो. किती राहू द्यायचा, हे गोंगाट किती आहे त्यावरून ठरतं. तिरसट माणसाच्या प्रत्येक शब्दामागचा अर्थ खणून काढणाऱ्यांचं काय होतं, ते आपण पाहतोच.

मग प्रकाशाच्या तंतूत हे इतक्या उशिरा का आलं? कारण बराच काळ पलीकडचं उपकरण फक्त प्रकाशाची तीव्रता मोजायचं. लहर चढतीवर आहे की उतरतीवर, ही माहिती मोजतानाच गळून जायची. आणि पसरलेला ठोका पुन्हा गोळा करायला नेमकी तीच लागते. आलेल्या प्रकाशात आपल्याकडच्या लेझरचा प्रकाश मिसळून ती माहिती वाचण्याचे प्रयोग १९८० च्या दशकात पुष्कळ झाले. मग अर्बियम घातलेल्या तंतूचा अ‍ॅम्प्लिफायर आला आणि संशोधकांनी ते कपाटात ठेवून दिले. प्रकाशाचं विजेत रूपांतर न करताच तो वाढवता येऊ लागला, मग एवढी उठाठेव कोण करणार? साऱ्या जगाला तेव्हा आवाज चढवण्याचं सोपं साधन मिळालं होतं.

ते काही वर्षं पुरलं. पण प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर आपला थोडा गोंगाट मिसळतो. आणि प्रकाश फार वाढवला की काच स्वतःच वागणूक बदलते : प्रकाशाच्या तीव्रतेनुसार तिचा अपवर्तनांक किंचित सरकतो, एका तरंगलांबीचा संदेश शेजारच्या तरंगलांबीला चिमटे काढू लागतो. बेल लॅब्जच्या पार्थ मित्रा आणि जेसन स्टार्क यांनी २००१ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं, की शक्ती वाढवत नेली तर तंतूची क्षमता एका उंचीपर्यंत चढते आणि पुढे घसरते. व्हाइटहाउसच्या दोन हजार व्होल्टची आठवण येते. फरक एवढाच, की यावेळी गणित आधी वाचलं गेलं. सेकंदाला अब्जावधी नमुने हाताळणाऱ्या चिप हाताशी आल्यावर कपाटातले जुने प्रयोग बाहेर निघाले आणि २००८ साली तसं पहिलं उपकरण बाजारात आलं.

त्याचा फायदा मुंबईच्या किनाऱ्यालाही झाला. मार्सेपासून सिंगापूरपर्यंत जाणारी, सुमारे १८,८०० किलोमीटरची ‘सी-मी-वी ४’ केबल २००५ साली सुरू झाली; ती मुंबई आणि चेन्नईला किनाऱ्यावर येते. तिची मूळ आखणी एका तरंगलांबीवर सेकंदाला १० गिगाबिटची. पुढे त्याच तंतूंतून ४० आणि मग १०० गिगाबिट जाऊ लागले. तळाची केबल कुणी उचलली नाही. बदलली ती किनाऱ्यावरच्या केंद्रांतली यंत्रं.

नव्या केबलांची आखणी तर आणखी एक पाऊल पुढे गेली आहे. त्या पिढीच्या लांब केबलांत दोन जातींचे तंतू आलटूनपालटून घालत, पहिल्यात ठोका पसरला की दुसऱ्यात आवळला जावा म्हणून. आता तो बंदोबस्त काढून टाकतात आणि ठोका मुद्दाम पसरू देतात. वाटेत पुन्हापुन्हा आवळलं, की शेजारच्या तरंगलांबीतले तेच ठोके पुन्हापुन्हा समोरासमोर येतात आणि चिमटे साठत जातात. पसरू दिले तर ते एकमेकांजवळून लवकर निसटतात. ज्याला वीस वर्षं शत्रू मानलं, तो पसरटपणाच असा उपयोगी पडला. किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत एकेक ठोका शेकडो ठोक्यांवर पसरलेला असतो, आणि चिपला ते अपेक्षितच असतं. जोडणी सुरू होताना ती पसरण्याच्या निरनिराळ्या किमती एकामागून एक घालून पाहते, आणि ज्या किमतीला काला सुटतो, तिथून पुढचं ऐकायला घेते.