किती करू, मालक?

जुन्या गाडीच्या मीटरची काच एका दिवसात तडकत नाही. सोलापूरच्या उन्हात ती आधी पिवळी पडते, मग तिच्यावर केसासारख्या रेषा उमटतात. (काच म्हणायची पद्धत आहे, असतं ते प्लास्टिकच.) मग एखाद्या वळवाच्या पावसात आत पाणी शिरतं, वाफ धरते आणि काटा चाळीसवर अडकून बसतो. आमच्या घरातल्या सीबीझीचं हेच झालं. हीरो होंडाने 1999 साली आणलेली, 156.8 सीसीची ही गाडी. आमची 2002 ची, काकांनी घेतलेली. मला ती विकायची होती, आणि मीटर बंद असलेली गाडी कोण घेणार?

असं काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो. मीटरची काच पेट्रोलने पुसू नका, प्लास्टिक आणखी तडकतं. आणि चीर फेविक्विकने बुजवू नका, त्याच्या वाफेने आतून पांढरा थर बसतो. आमच्या मीटरवर हे दोन्ही प्रयोग आधीच होऊन गेले होते, त्यामुळे दुरुस्तीला फारसं काही उरलं नव्हतं. दुसऱ्या कंपनीचं, पण बसणारं अख्खं मीटर मिळालं. जुळे सोलापुरातल्या आमच्या मेकॅनिकमामांनी दोन्ही शेजारी ठेवली. जुन्यावर 61,840. नव्यावर पाच शून्यं.

"किती करू, मालक?" मामांनी विचारलं. चहात साखर किती, असं विचारावं तसं.

या मीटरमध्ये पुढच्या चाकाकडून एक केबल येते. ती एक चुंबक फिरवते, चुंबक शेजारच्या ॲल्युमिनियमच्या वाटीला न शिवता ओढतं, आणि एक बारीक स्प्रिंग वाटीला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो तो वेग. तीच केबल दातेरी चाकांमधून आकड्यांची चक्रंही फिरवते. गाडी थांबली की काटा सगळं विसरतो. आकडे विसरत नाहीत, म्हणून आपण त्यांच्यावर विश्वास ठेवतो. त्यांना कुणी हात लावलेला नाही, ही त्यांची पुण्याई.

पण शून्य तसंच ठेवलं तर? नव्या मीटरपुरतं ते खरंच आहे. त्याने अजून एक किलोमीटरही मोजलेला नाही. गाडीबद्दल मात्र ते साफ खोटं. आणि चक्रं हाताने फिरवून 61,840 आणलं, तर तो आकडा मोजलेला नाही, लिहिलेला आहे, तरीही गाडीबद्दल तोच खरा. आता उलटा विचार करा. केबलला ड्रिल मशीन लावून नवं मीटर ताशी शंभरने फिरवत ठेवलं, तर साधारण सव्वीस दिवसांत तोच आकडा येईल. चक्रांना कुणाचा हात लागणार नाही, यंत्राने एक न् एक दात इमानेइतबारे मोजलेला असेल, आणि त्यातला एकही किलोमीटर रस्त्यावरचा नसेल. म्हणजे आकड्याचा खरेपणा यंत्रात नाही. मामांनी माझ्यासाठी खरा आकडा लावला काय किंवा दुसऱ्या कुणासाठी खोटा लावला काय, बोटांची हालचाल तीच.

मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला विचारतो, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? प्रत्येकाला उत्तर नाही असंच येतं. आमच्या सीबीझीचे टायर, चेन, पिस्टन रिंगा, सगळं कधी ना कधी बदललेलं. मग 61,840 किलोमीटर नक्की कोण पळालं? आरसी बुकात इंजिन नंबर आहे, चासी नंबर आहे, किलोमीटरचा रकानाच नाही.

शिवाय तो आकडाही पुरा खरा नव्हता. काकांच्या काळात एकदा केबल तुटली होती आणि सहाएक महिने गाडी तशीच चालली. ते तुळजापूर, ते अक्कलकोट कुठेच नोंदलेलं नाही. मग काकांना विचारून अंदाजाने चारेक हजार वाढवायचे का? मला ते पटलं नाही. अंदाज सांगताना "अंदाजे" म्हणता येतं. चक्रांवर तो शब्द बसत नाही.

अमेरिकेने 1972 च्या कायद्यात यावर एक तोडगा काढला. बदललेल्या मीटरवर जुना आकडा लावता येत नसेल तर शून्य करा, आणि आधीचा आकडा व तारीख लिहून डावीकडच्या दाराच्या चौकटीवर चिकटवा. मोटारसायकलला दार कुठलं, पण कल्पना मला आवडली. आकड्याची हकीकत आकड्याला चिकटून राहिली पाहिजे.

मी मामांना 61,840 लावायला सांगितलं.

खरी अडचण गिऱ्हाईक आल्यावर झाली. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कामाला जाणारा पोरगा. त्याला मी सगळं सांगितलं, केबलचंसुद्धा. तो म्हणाला, "दादा, अठ्ठावीस हजार करून द्या की. मला खरं माहितीच आहे, मग फसवणूक कुणाची?"

याला पटकन उत्तर सुचेना. तो समोर उभा होता, त्याच्यापासून काहीच लपवलेलं नव्हतं, आणि पैसे तोच मोजणार होता. पण त्याला माहीत असलेलं त्याच्याबरोबर जाणार, आणि आकडा गाडीबरोबर. दोन वर्षांनी तो गाडी विकेल, तेव्हा घेणाऱ्याला फक्त आकडा दिसेल. त्या तिसऱ्या माणसाला मी ओळखत नाही, तो कधी मला विचारायला येणारही नाही. तो इथे नाही, एवढ्यावरून त्याच्या वाट्याचं आम्ही दोघांनी ठरवून टाकायचं?

मी हे त्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग दीड हजार कमी करा."

मी केले. जुनं मीटरही त्याला दिलं, मागे मार्करने आकडा आणि तारीख लिहून. त्याने ते उलटंपालटं करून पाहिलं. आतले बल्ब चांगले आहेत म्हणाला, काढून घेता येतील.