करणीचा दोर

नववीच्या वर्गात 'करणी' हा शब्द फळ्यावर आला की मागच्या बाकांवर हमखास खसखस पिकते. कुणी केली, कुणावर केली, अशी विचारपूस होते. मास्तर डोळे वटारतात, √२ म्हणजे १.४१ असं लिहून देतात आणि धडा पुढे सरकतो. शब्दाची चौकशी राहूनच जाते.

ती करण्यासारखी आहे. ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चार गुंठ्यांचा चौरस आखायचा तर बाजू ६६ फूट, हे शेंबडं पोरही सांगेल. पण दोन गुंठ्यांचा? बाजू ३३√२ फूट. इथे वर्गातलं १.४१ वापरलंत तर जवळपास १३ चौरस फूट जमीन गायब होते. आणि आपल्याकडे वीतभर बांधासाठी दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात! दशांशस्थळं कितीही वाढवा, थोडं उरतंच. दोराचं मात्र काही अडत नाही. एक गुंठ्याच्या चौरसात या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोर ताणा. तो कर्ण हीच दोन गुंठ्यांच्या चौरसाची बाजू.

यज्ञवेदी आखणारे शुल्बसूत्रकार हेच करत. शुल्ब म्हणजे दोर. क्षेत्रफळ दुप्पट करणारी ती द्विकरणी, तिप्पट करणारी त्रिकरणी. बौधायनाने तर हिशेबही दिला: एकात त्याचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवा, आणि या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. येतात ५७७/४०८. आपल्या दोन गुंठ्यांच्या बाजूत याने पडणारा फरक केसाच्या जाडीहूनही कमी.

अरबी गणितज्ञांनी अशा संख्यांना 'असम्म', म्हणजे बहिरं म्हटलं. त्यावरून लॅटिनमध्ये 'सुर्दुस' आणि इंग्रजीत 'सर्ड' आला. तिथे नावातच संख्येचं वैगुण्य आहे. आपल्या नावात तिचं काम. ही चौरस करते, म्हणून करणी. मला हा फरक नुसता शब्दांचा वाटत नाही. ३३√२ लिहून थांबलेल्या मुलाला 'पुढे सोडव' म्हणणारे शिक्षक मी पाहिले आहेत. सोडवायचं काय? उत्तर आलेलं आहे.

भास्कराचार्य 'बीजगणिता'त करणीला तिच्या क्षेत्रफळानेच ओळखतात. करणी २ आणि करणी ८ यांची बेरीज किती, असं विचारतात. उत्तर १० नव्हे, १८. चौरस डोळ्यांसमोर आणा: ८ क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू २ वाल्याच्या दुप्पट. दोन्ही बाजू एका ओळीत ठेवल्या की तिप्पट लांबी, आणि तिप्पट बाजूवर नऊपट चौरस. मग ते ३ आणि ७ घेतात. या दोघींचं काही केल्या जुळत नाही. तिथे त्यांचं उत्तर एवढंच, की दोघींना शेजारीशेजारी, वेगवेगळं राहू द्यावं.