सुलतानपूरचं मत उशिरा येतं

सिनेमाबद्दलचं मत आमच्या भागात नेहमी उशिरा तयार होत आलं. लोक मंद होते असं नाही, सिनेमाच उशिरा यायचा. सुलतानपूर हे लोणार तालुक्यातलं गाव, मेहकरपासून जवळ. सरकारदरबारी जिल्हा बुलडाणा. सिनेमाच्या धंद्यात मात्र आमचा पत्ता निराळा : ‘सी. पी. बेरार’. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा इंग्रजांचा प्रांत १९५० साली नावानंही संपला, १९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात आलं, १९६० साली महाराष्ट्र झाला. पण वितरकांच्या वह्यांत विदर्भ अजून त्याच जुन्या नावाखाली मोडतो. मुंबईचा पट्टा वेगळा, आमचा वेगळा. मुंबई-पुण्यात मराठी सिनेमाच्या मोजक्या प्रिंटा चालून चालून ओरखडल्या, की मग त्या वितरकामार्फत इकडं निघायच्या. आधी मोठं शहर, मग तालुका, मग जत्रेतला तंबू. तोवर पडद्यावर रेघांचा पाऊस सुरू झालेला असायचा.

समीक्षकाचं मत तोपर्यंत छापून, वाचून, विसरूनही झालेलं असे. त्यामुळे मुंबईत झोडपलेला सिनेमा आमच्याकडं अगदी कोऱ्या पाटीनं यायचा. तो चांगला की वाईट हे आमच्या लोकांना आपलं आपण ठरवावं लागे, आणि ते ठरवतही. हा ठरवण्याचा व्यवहार कसा चालतो, याकडं आपण नीट पाहिलेलं नाही असं मला वाटतं. ‘समीक्षकांनी नाकारलं, प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं’ हे वाक्य मराठीत इतक्या वेळा लिहिलं गेलंय, की त्यातल्या उत्तरार्धात नेमकं काय घडतं हे कुणी विचारतच नाही.

दादा कोंडके यांचं उदाहरण घासून गुळगुळीत झालंय, तरी ते टाळून पुढं जाता येत नाही. ‘सोंगाड्या’ १९७१ सालचा. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात तो लावायला मालक तयार नव्हता, देव आनंदच्या सिनेमाला जागा हवी होती. दादा बाळासाहेब ठाकरे यांच्याकडं गेले, शिवसैनिक कोहिनूरपुढं जमले आणि सिनेमा लागला. ही गोष्ट नेहमी मराठी माणसाच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातलं दुसरं काही महत्त्वाचं वाटतं. शिवसेनेनं सिनेमा लावायला लावला. चालवला तो लोकांनी. आंदोलनानं फार तर पहिला आठवडा भरतो. पंचविसावा आठवडा कोणतीही संघटना भरू शकत नाही. ‘सोंगाड्या’नंतर ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, ‘पांडू हवालदार’, ‘तुमचं आमचं जमलं’, ‘राम राम गंगाराम’ असं करत दादांच्या सलग नऊ सिनेमांनी रौप्यमहोत्सव केला आणि गिनीज बुकात नाव गेलं. कथा म्हणाल तर सगळ्या एकाच साच्याच्या. एक भोळसट गडी, बहुतेकदा उषा चव्हाण नायिका, मधे एखादा खाष्ट बाप नाहीतर खलनायक, अनेकदा महेंद्र कपूर यांच्या आवाजातली गाणी, आणि शेवटी लग्न. बोली भाषेत सांगायचं तर लव्ह स्टोरी आणि कॉमेडी. शहरी, सुशिक्षित मराठी मतानं त्यांना अश्लील, ग्राम्य, आचरट ठरवलं.

या यशाची दोन स्पष्टीकरणं तयार असतात. पहिलं, खेड्यातला प्रेक्षक अडाणी, चावटपणाला भुलला. दुसरं, लोकांना आवडलं ना, मग तेच श्रेष्ठ. समीक्षकांनी गप्प बसावं. ही दोन मतं एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण दोन्हींत प्रेक्षकाला डोकं नसतं. एकात तो फसतो, दुसऱ्यात तो नुसता आकडा होतो.

खरं तर द्वयर्थी बोलणं हे दादांनी खेड्यात नेलं नाही, खेड्यातूनच उचललं. वगातला सोंगाड्या, शिमग्याची बोंब, हळदीच्या रात्री बायकांनी व्याह्यांना उद्देशून म्हटलेली गाणी, हे सगळं ऐकत वाढलेला माणूस थेटरात बसला, की त्याला विनोदाचा दर्जा कळत असतो. कुठला टोला नेमका बसला आणि कुठला ओढूनताणून मारला, हे तो हसून किंवा न हसून सांगतो. दादा स्वतः वगनाट्यातून आले होते. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’चे शेकडो प्रयोग त्यांनी केले होते आणि त्या प्रयोगांना शहरातले जाणकारही दाद देत होते. ‘सोंगाड्या’ही सबनीसांनीच लिहिला. तोच लेखक, तोच नट. फक्त मंचावरून पडद्यावर आला आणि तिकीट काढणारा माणूस बदलला. तेवढ्यानं ‘लोककलेचं पुनरुज्जीवन’ हे ‘आचरटपणा’ झालं. समीक्षा सिनेमाची होत होती की त्याच्या गिऱ्हाइकाची, असा संशय येतो तो इथं.

पण म्हणून प्रेक्षक प्रत्येक वेळी दादांच्या मागं गेला असंही झालं नाही, आणि हा भाग सोयीनं विसरला जातो. ‘येऊ का घरात’ १९९२ चा, ‘सासरचं धोतर’ १९९४ चा. नावं तितकीच चावट, माणूस तोच. प्रेक्षकांनी मात्र जुनी ओढ दाखवली नाही. चावटपणा हेच जर आकर्षण होतं, तर ते कमी कुठं झालं होतं? कमी झाला होता तो भोळेपणा, पटकथेतला जीव, सोबतचे लिहिणारे हात. हे कुठल्याही परीक्षणात वाचून कुणाला कळलं नव्हतं. ज्या लोकांनी नऊ वेळा पंचवीस आठवडे दिले, त्याच लोकांनी पुढं हात आखडता घेतला. ही समीक्षा नाही तर काय?

‘सासरचं धोतर’ हे नाव म्हणजे उघडच ‘माहेरची साडी’ला मारलेली कोपरखळी. तो सिनेमा १९९१ चा, दादांचेच पुतणे विजय कोंडके यांचा. विनोदी नाही, पण इथं त्याचं नाव घ्यायलाच हवं, कारण तोवर प्रेक्षकांचं मत म्हणजे पुरुषांचं मत असंच धरलं जात होतं. अलका कुबल यांना रडताना पाहायला गावोगावच्या बायका गटागटानं निघाल्या. शहाण्या माणसांनी या सिनेमाची टिंगल केली, अजूनही करतात. मी स्वतः तो पूर्ण पाहू शकलेलो नाही, हेही सांगून टाकतो. पण एरवी घरातून निघायला दहा जणांना विचारावं लागणाऱ्या बाईनं पिक्चरसाठी घरात हट्ट धरणं, ही त्या सिनेमानं घडवलेली गोष्ट लहान नव्हती. त्या बायकांना पटकथा ढिली आहे हे कळत नव्हतं असं समजणं हा अपमान आहे. त्यांना दुसरं काही हवं होतं आणि ते तिथं मिळत होतं.

आमच्या गावाकडं मत कसं बनतं ते पाहायचं तर थेटरापेक्षा व्हीसीपीच्या रात्री आठवाव्यात. गणपतीत, नाहीतर लग्नाची गडबड उरकल्यावर, वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीपी भाड्यानं आणला जायचा. सोबत तीन कॅसेटी. एक देवाधर्माची, ती आधी लावायची म्हणजे म्हातारी माणसं समाधानानं झोपायला जातात. दुसरी हिंदी मारामारीची. तिसरी मराठी कॉमेडी, ती मध्यरात्र उलटल्यावर. चित्राला मुंग्या आल्या की व्हीसीपीवाला पोरगा झाकण उघडून कोऱ्या नोटेनं हेड पुसायचा, आणि तेवढ्या वेळात खरी चर्चा व्हायची. ‘याच्यात काही दम नाही’ असं कुणी म्हटलं की दुसरा म्हणे, ‘थांब, तो घरमालकाचा सीन येऊ दे.’ म्हणजे त्यानं तो आधी पाहिलेला असायचा आणि आवडता सीन पुन्हा पाहण्यासाठी तो जागा असायचा. सीन झाला की कुणीतरी ओरडायचं, ‘मागं घे, मागं घे.’ कॅसेट मागं जायची. पहाटेपर्यंत अंगणात किती जण उरले आणि किती वेळा कॅसेट मागं फिरली, हे त्या सिनेमाचं परीक्षण.

यातली पद्धत लक्षात घ्यावी. समीक्षक अख्ख्या सिनेमाला एक मत देतो, हल्ली तर चांदण्या देतो. गावात मत तुकड्या-तुकड्यांनी दिलं जातं. गाणी बरी, शेवट फालतू, मामाचं काम लय भारी, हिरोईन नुसती उभी. अख्खा सिनेमा पडेल असला तरी त्यातले तीन सीन वर्षानुवर्षं जगतात. असा माणूस ‘पिक्चर आवडला’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘पिक्चर चांगला आहे’ असा नसतो, आणि तो फरक त्याला ठाऊक असतो. आपल्या चर्चेत हाच फरक पुसला जातो. शहाणे म्हणतात, यांना हा भिकार सिनेमा चांगला वाटला. अहो, तसं ते म्हणालेच नव्हते.

‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा, सचिन पिळगावकर यांचा. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’ची, आणि मराठीत लिहिणारे पुन्हा वसंत सबनीस. पुरुषांनी बायकांची सोंगं घेणं, भाड्याच्या घरासाठीची लांडीलबाडी, चार जोड्यांची प्रेमं. तेव्हा तो एक चाललेला धमाल सिनेमा होता. आज त्यातले संवाद म्हटले की तिशीच्या आतली पोरंही पुढचं वाक्य पुरं करतात, धनंजय माने कुठं राहतात हे महाराष्ट्रात कुणालाही विचारावं. सगळ्यांच्या तोंडी असण्याची ही पदवी त्याला कुठल्या पारितोषिकानं दिली नाही. टीव्हीवर पुन्हा पुन्हा पाहून, वाक्य-वाक्य पाठ करून लोकांनी ती दिली, आणि त्याला पंचवीस-तीस वर्षं लागली.

इतका वेळ आता कोणत्या सिनेमाला मिळतो? प्रेक्षकांच्या मताला आठवडे लागतात, कारण ते माणसाकडून माणसाकडं जातं. पूर्वी एसटीनं जायचं. मेहकरच्या बाजाराला गेलेला माणूस सांगत यायचा. पहिल्या तीन दिवसांचं तिकीट माणूस सिनेमा पाहण्याआधी काढतो, तेव्हा त्याच्याकडं मत नसतंच, जाहिरात असते, नटाचं नाव असतं, गाणं असतं. मत सुरू होतं तिकिटाच्या दुसऱ्या फेरीपासून. रौप्यमहोत्सव हे मोजमाप ओबडधोबड होतं, पण ते मताचं मोजमाप होतं. आता शुक्रवार ते रविवारचा गल्ला सोमवारी सकाळी ‘प्रेक्षकांची पसंती’ म्हणून छापून येतो. समीक्षक शुक्रवारी बोलतो, गल्ला सोमवारी बोलतो, आणि पुढच्या शुक्रवारी पडदा दुसऱ्याला दिलेला असतो. सुलतानपूरचा माणूस सोयाबीन विकून, हातात चार पैसे आल्यावर शहरात जाईल तेव्हा सिनेमा तिथं नसतो. त्याच्या मताशिवायच ‘प्रेक्षकांनी’ निकाल दिलेला असतो.

‘टाइमपास’ ३ जानेवारी २०१४ ला आला. दिग्दर्शक रवी जाधव, ज्यांच्या ‘नटरंग’ आणि ‘बालगंधर्व’चं कौतुक झालं होतं. दहावी नापास दगडू आणि लेल्यांची प्राजक्ता. समीक्षकांत मतं दुभंगली. सिनेमानं तीस कोटींच्या पुढं गल्ला केला, जो त्या वेळी मराठीत अचाट होता. पुढच्या वर्षी १ मे ला दुसरा भाग आला. त्याला परीक्षणं काही बरी नव्हती, तरी पहिल्या दिवसांत गर्दी उसळली. ती गर्दी दुसऱ्या भागाबद्दलचं मत नव्हती. ती पहिल्या भागाबद्दलचं मत होती, जे लोक वर्षभर मनात घेऊन बसले होते. दुसऱ्या भागाबद्दलचं मत पुढं कळलं. पोरांच्या तोंडी अजून पहिल्याच दगडूची वाक्यं आहेत.

‘टाइमपास’बद्दलची समीक्षकांची एक तक्रार मात्र खरी होती आणि ती हसण्यावारी नेता येत नाही. मुलगी नको म्हणत असताना तिच्या मागं मागं फिरणं, मित्रांशी पैज मारल्यासारखं तिला ‘पटवणं’, हे सगळं प्रेम म्हणून खपवायचं का? आमच्याकडच्या मास्तरणी, पोरींच्या आया हेच बोलत होत्या. एसटीच्या स्टँडवर जिला रोज ते सोसावं लागतं तिच्या आईला यात कॉमेडी कुठून दिसणार? ज्या बाईनं तिकीटच काढलं नाही, तिचं मत गल्ल्यात येत नाही. जिनं तिकीट काढलं आणि मान खाली घालून बाहेर आली, तिचं मात्र येतं, आणि तेही ‘पसंती’ म्हणून.

आता हे सिनेमे मोबाइलवर पाहिले जातात, एकेकटे, कानात बोंडं घालून. शिट्टी नाही, ‘मागं घे’ नाही, जो तो आपापला मागं घेतो. मेहकरला कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीला मी ‘टाइमपास’बद्दल विचारलं. तिनं तो शाळेत असताना पाहिला होता आणि नंतरही दोन-तीनदा. ती म्हणाली, ‘मले दगडू आवडते. लय हसू येते त्याचं. पन माह्यामागं असा कोनी लागला तं चप्पल काढीन.’ मी विचारलं, मग पिक्चर चांगला की वाईट? तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की या माणसाला एवढं सांगून कळलं कसं नाही.