उपवास, रक्तशर्करा आणि निदानाचा धर्म

रक्तातील साखरेचे चढउतार हा वैद्यकाचा विषय आहे. पण जिथे जेवणाच्या वेळा तिथीवर ठरतात तिथे तो धर्माचाही विषय होतो. संकष्टीचा उपास चंद्रोदयानंतर सुटतो, एकादशीचा दुसऱ्या दिवशी, आणि हरतालिकेला कित्येक घरांत पाणीही वर्ज्य असते. मुंबईत गिरगावच्या वाड्यांपासून दादर, परळ, लालबागच्या चाळींपर्यंत हे व्रताचे पंचांग अजून जिवंत आहे. अशा घरात कुणाला मधुमेह झाला की पहिला प्रश्न उभा राहतो: व्रत पाळावे की देह सांभाळावा? त्याआधीचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो: आपल्या देहात काय चालले आहे, हे जाणून घेणे हे धर्मकर्तव्य आहे का?

अन्नातील पिष्टमय पदार्थांचे ग्लुकोज होते. ते रक्तात आले की स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि पेशी ते ग्लुकोज वापरतात. पोट रिकामे असताना यकृत आपल्या साठ्यातून थोडे थोडे ग्लुकोज रक्तात सोडत राहते. या दोन क्रियांमुळे निरोगी माणसाची साखर जेवणानंतर चढते आणि काही वेळात जागेवर येते. इन्सुलिन अपुरे पडले किंवा शरीर त्याला नीट दाद देईनासे झाले, की चढ मोठा होतो आणि उतार लांबतो. औषध चालू असेल आणि जेवण चुकले, तर साखर उलट धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते.

संकष्टीच्या एका दिवसात हे दोन्ही टोकांनी दिसते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारी व्यक्ती सवयीने सकाळी गोळी घेते आणि चहावर दिवस काढते. संध्याकाळी प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या रांगेत उभे असताना घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, समोरच्याचे बोलणे नीट उमगत नाही. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्याची ही लक्षणे आहेत. सोबतच्यांना मात्र तो उपासाचा थकवा वाटतो. रात्री चंद्रदर्शन झाले की पानावर उकडीचे मोदक, वरणभात आणि बटाट्याची भाजी एकदम येते आणि तीच साखर झपाट्याने वर जाते. दुपारी साबुदाण्याची खिचडी खाल्ली असेल तर चढ आधीच सुरू झालेला असतो, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.

हे चढउतार अंदाजाने कळत नाहीत. वारंवार तहान, रात्री लघवीला उठावे लागणे, वजन घटणे, जखम न भरणे ही लक्षणे ओळखीची आहेत. पण अनेकांना वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. म्हणून निदान रक्ताच्या तपासणीवरच होते. उपाशीपोटी साखर डेसिलिटरला १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी, म्हणजे बोलीतली ‘तीन महिन्यांची शुगर’, ६.५ टक्के किंवा अधिक, हे मधुमेहाचे निकष आहेत. लक्षणे नसतील तर एका अहवालावर शिक्का मारत नाहीत; तपासणी पुन्हा करून खात्री करतात. रक्तक्षय किंवा थॅलेसेमिया असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवू शकतो, हेही डॉक्टरांना ध्यानात घ्यावे लागते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

तरीही तपासणी टाळली जाते. ‘जरा बॉर्डरवर आहे’, ‘एकदा गोळी लागली की जन्मभर सुटत नाही’, ‘देवाच्या कृपेने अजून काही नाही’ ही वाक्ये घरोघरी ऐकू येतात. चरकसंहितेने या वृत्तीला प्रज्ञापराधाच्या विचारात जागा दिली आहे. बुद्धी, धैर्य आणि स्मृती ढळल्यामुळे माणूस जे अहितकर कर्म करतो तो प्रज्ञापराध, आणि तो रोगाच्या मूळ कारणांपैकी एक. याच ग्रंथात प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगगटाच्या, कारणांत बैठ्या सुखाचा आणि अतिनिद्रेचा उल्लेख आहे. हितकर काय ते दिसत असताना डोळे मिटून घेणे हा नशिबाचा भाग नव्हे. तो बुद्धीचा दोष आहे आणि म्हणूनच तो सुधारता येतो.

व्रताच्या बाजूने पाहिले तरी उत्तर वेगळे येत नाही. या विषयाचा सर्वांत मोठा आधुनिक धांडोळा गिरगावात राहणाऱ्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी घेतला. त्यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाचा पाचवा खंड व्रते आणि उत्सव यांनी सुरू होतो. धर्मशास्त्रात मान्य असलेल्या वचनानुसार पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही. गुरूच्या आज्ञेने खाल्ले तरीही मोडत नाही. आजारी माणसासाठी पुत्र, पत्नी, पती किंवा भाऊ यांनी प्रतिनिधी म्हणून उपवास करण्याची सोय आहे. पूर्ण उपवास झेपत नसेल तर एकभुक्त किंवा नक्त, म्हणजे दिवसातून एकदा किंवा फक्त रात्री जेवणे, असे पर्याय आहेत. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असे म्हटले आहे. सतराव्या अध्यायात शास्त्राने न सांगितलेले देहपीडक तप आसुरी ठरवले आहे. कुराणातही रोज्यातून आजारी माणसाला सवलत आहे. म्हणजे आजाऱ्याने उपास न करणे ही धर्मात मागून काढलेली पळवाट नाही. ती धर्माच्या मांडणीतच आहे. आजारी कोण, हे ठरल्याशिवाय मात्र ती लागू होत नाही. निदानाचे धार्मिक महत्त्व इथे आहे.

या प्रश्नाची दुसरी, अधिक मूलगामी मांडणी परळ आणि दादरशीच जोडलेली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीत अनेक वर्षे राहिले, पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले, आणि १९५६च्या डिसेंबरात दादरच्याच चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. अखेरच्या वर्षांत मधुमेह आणि पायांच्या वेदनांनी ते जर्जर झाले होते. त्याच काळात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांनी पूर्ण केला. तो १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात गौतम देहदंडाची वाट चालून पाहतो आणि ती निष्फळ म्हणून सोडतो. दुःख आहे हे ओळखणे आणि ते दूर करण्याचा मार्ग दाखवणे हा धम्माचा पाया आहे, असे आंबेडकर मांडतात. मागच्या जन्मीच्या कर्मामुळे या जन्मीचे भोग येतात ही कल्पना ते नाकारतात आणि देहाचे गुण आईवडिलांकडून येतात याकडे लक्ष वेधतात.

मधुमेहाच्या बाबतीत हा विचार फार मोलाचा आहे, कारण या आजाराभोवती दोषारोप पुष्कळ असतो. ‘मागच्या जन्मीचे पाप’ आणि ‘गोड खाऊन ओढवून घेतले’ या दोन्ही आरोपांनी रोगी मान खाली घालतो आणि आजार लपवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या आरोपांना विज्ञानाने उत्तर दिले. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र दिले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. अंगाने सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, आणि त्याची सुरुवात आईच्या पोटात असतानाच होते, असे त्यांच्या संशोधनातून दिसले. वागण्याची जबाबदारी याने संपत नाही. अपराधाची भावना मात्र निराधार ठरते, आणि ती गेली की तपासणीला जाण्याचा मोठा अडसर दूर होतो.

यातून आचरणाचे नियमही निघतात. उपास करायचा असेल तर त्याआधी डॉक्टरांना विचारून गोळ्या आणि इन्सुलिनचे प्रमाण ठरवून घ्यावे. औषध मनाने बंद करू नये. काही नव्या गोळ्यांबरोबर दीर्घ उपास केल्यास रक्तातील आम्ल वाढण्याचा धोका असतो. बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर पाहिल्याने व्रत मोडत नाही. ती ७० खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि उपास तिथेच सोडावा. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये, त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. सत्यनारायणाचा शिरा सव्वाच्या मापाने होतो, पण प्रसाद म्हणून त्याचा कण पुरतो. वाटीभर घेण्याचा आग्रह पाहुणचाराचा असतो, धर्माचा नव्हे. आणि घरात आईवडिलांपैकी कुणाला मधुमेह असेल, गरोदरपणात साखर वाढली असेल किंवा वय तिशीच्या पुढे असेल, तर लक्षणांची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी. देहाने धर्म साधायचा असेल, तर त्या देहाची खरी स्थिती जाणून घेणे हे त्या साधनेचे पहिले अंग आहे.