बापाची हौस आणि घरचा हिशेब

१४ एप्रिल १९११ रोजी गिरगावातल्या ‘अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये एक गृहस्थ थोरल्या मुलाला घेऊन ‘अमेझिंग अॅनिमल्स’ नावाचा चित्रपट पाहायला गेले. घरी परतल्यावर मुलानं, भालचंद्रानं, आईला सांगितलं की पडद्यावर प्राणी खरेखुरे चालताना दिसले. आईचा काही केल्या विश्वास बसेना. तेव्हा दुसऱ्या दिवशी या गृहस्थांनी सगळ्या घरालाच तिथं नेलं. ईस्टरचे दिवस होते, त्यामुळे पडद्यावर येशू ख्रिस्ताचं चरित्र चालू होतं. ते पाहता पाहता गृहस्थांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. ही हलती चित्रं करतात तरी कशी, असं पत्नीनं विचारलं. कळेल तुला, आपण ती घरीच करणार आहोत, अशा अर्थाचं उत्तर तिला मिळालं.

ते गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय चित्रपटाचा इतिहास सांगताना हा प्रसंग बहुतेक वेळा ‘साक्षात्कार’ म्हणून सांगितला जातो. पण त्याची सुरुवात अगदी घरगुती आहे. एका बापानं मुलाला करमणुकीला नेलं, मुलानं घरी येऊन भडाभडा सगळं सांगितलं, आणि आईला पटवण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकिटं काढावी लागली.

वडिलांबरोबर बाहेर पडण्याची लज्जत मराठी घरांत काही वेगळीच असते. घ्यायच्या वस्तूंपैकी निम्म्या घरीच राहतात. ‘जवळच तर आहे’ म्हणून धरलेली वाट दोन तास संपत नाही. छत्री नाही म्हणून पाऊस हमखास गाठतो. सिंहगडावर रविवारी सकाळी पाहावं, एखादा बाप खांद्यावर धाकटीला आणि हातात थोरल्याची काठी घेऊन धापा टाकत वर येत असतो, आणि वर पोचल्या पोचल्या पिठलं-भाकरीची ऑर्डर देऊन मडक्यातल्या दह्याचं कौतुक सांगायला लागतो. मुलं मोठी झाल्यावर चुकलेली वाट आणि भिजलेले कपडेच हसत हसत आठवतात. हे सुख फुकट मिळतं आणि फार मोलाचं असतं. त्याच्या आड घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी दिवस खर्ची पडत असतो, एवढं मात्र ध्यानात ठेवायला हवं.

फाळक्यांचं घर या दृष्टीनं पाहण्यासारखं आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाला हौशींची कधीच कमतरता नव्हती. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला झाली, बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण झालं. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो या समजुतीनं लोक त्यापासून लांब पळत. जादूचे प्रयोगही त्यांनी केले, तेही स्वतःचं आडनाव उलटं करून, ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं. पुढे छपाईच्या धंद्यात नाव झालं, पण भागीदारांशी पटलं नाही म्हणून तेही सोडलं. वयाच्या चाळिशीत, पदरात मुलं आणि हाताला बांधलेलं काम नाही, अशा वेळी सिनेमाचं वेड लागलं.

मग रोज चित्रपट पाहणं सुरू झालं. घरी फिल्मचे तुकडे, भिंग आणि मेणबत्ती घेऊन भिंतीवर चित्रं पाडणं सुरू झालं. या अतिरेकानं डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासं झालं. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला गेले, विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून आले आणि कॅमेरा हाती आल्यावर एक प्रयोग केला तो वाटाण्यावर.

कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत साधारण महिनाभर तो कोंब टिपला. पडद्यावर मिनिटभरात वाटाणा रुजतो, फुटतो, वेल होतो. घरात मुलं असताना महिनाभर ती कुंडी आणि तो कॅमेरा जागचा हलू द्यायचा नाही, ही गोष्ट सोपी नव्हे! मोठ्यांची हौस मुलांना कळावी असं वाटत असेल तर ती अशी डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर घडावी लागते. दार लावून घेतलेल्या खोलीतल्या हौशीतून मुलांना एवढंच कळतं की बाबांना त्रास द्यायचा नाही. वाटाण्याचा हा छोटा चित्रपट, ‘अंकुराची वाढ’, पाहून यशवंत नाडकर्णी यांच्यासारख्यांनी फाळक्यांना भांडवल दिलं, ही बाब इतिहासात नोंदली गेली आहे.

मग आला फाळक्यांचा चित्रपट ‘राजा हरिश्चंद्र’. बाह्यचित्रणासाठी मध्य रेल्वेवरचं बदलापूर आणि नेरळच्या मधलं वांगणी गाव ठरलं. मंडळी पुढे गेली, फाळके मागून येणार होते. भाले, तलवारी, ढाली घेऊन उतरलेली ही फौज पाहून गावकऱ्यांची पाचावर धारण बसली. पोलीस पाटलाला वर्दी गेली, फौजदार आले आणि दरोडेखोर समजून सगळ्यांना अडकवून ठेवलं. आम्ही नाटकासारखं काहीतरी करतो आहोत, हे नटांनी परोपरीनं सांगितलं, पण सिनेमा हा शब्दच ज्यांनी ऐकलेला नाही त्यांना पटणार कसं? अखेर फाळके पोचले. त्यांनी कॅमेरा दाखवला, सामान दाखवलं आणि फिल्म न घालता कॅमेरा फिरवत नटांकडून एक प्रवेश करून घेतला. तेव्हा कुठे सुटका झाली. माणूस रागावला नाही, अधिकाऱ्याशी हुज्जत घालत बसला नाही. समोरच्याची भीती खरी आहे हे मान्य करून त्याला आपलं काम उलगडून दाखवलं. सहलीत गाडी चुकली, तिकीट हरवलं की पहिल्यांदा बायकोमुलांवर आवाज चढवणाऱ्या कोणत्याही बापानं वांगणीचा हा प्रसंग जरूर वाचावा.

पण याच चित्रणातला दुसरा प्रसंग तितका सहज मान्य होत नाही.

हरिश्चंद्राच्या मुलाची, रोहिदासाची भूमिका करायला कुणी आपला मुलगा द्यायला तयार नव्हतं, कारण कथेत तो मरतो. म्हणून फाळक्यांनी भालचंद्रालाच उभं केलं. चित्रणादरम्यान खेळताना तो पडला, डोक्याला मार लागला आणि बेशुद्ध झाला. उपचारासाठी मुंबईला न्यावं असा सल्ला मिळाला. पुढच्या प्रवेशात रोहिदास निपचितच दाखवायचा होता. मुंबईला गेलं तर चित्रण लांबणार होतं. फाळक्यांनी जागीच औषधपाणी केलं आणि मुलगा बेशुद्ध असतानाच तो प्रवेश चित्रित केला. हे सांगताना अनेकांच्या आवाजात कौतुक असतं: केवढी निष्ठा! मुलगा पुढे बरा झाला म्हणून हे कौतुक परवडतं. निष्ठा स्वतःच्या डोळ्यांची किंमत मोजेपर्यंत आपली असते. मुलाच्या डोक्याला लागल्यावर कॅमेरा थांबायला हवा होता, आणि फाळक्यांबद्दलचा सगळा आदर ठेवूनही हे स्पष्ट म्हणायला हवं.

आणि फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई? त्यांचे दागिने या कामापायी गहाण पडले, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यांचे हात किती राबले, हे कमी जणांना ठाऊक असतं. कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करत. भर उन्हात प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत. त्या काळी कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडलेली येई, ती भोकं अंधारात यंत्रावर एकेक करून पाडावी लागत. दिवसभराच्या रगाड्यानंतर रात्री ते काम त्या करत. फिल्म धुण्याची रसायनं मिसळायलाही त्या शिकल्या. हरिश्चंद्राच्या राणीची, तारामतीची भूमिका करायला बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले आणि त्यांचं नाव इतिहासात गेलं. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये चित्रपट लोकांसाठी लागला. पडद्यामागच्या या बाईचं नाव लोकांना कळायला पुढची कितीतरी वर्षं जावी लागली. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’नं २००९ साली हे घर हसतखेळत पडद्यावर आणलं, तेव्हा अनेकांना सरस्वतीबाई पहिल्यांदा भेटल्या.

लेकीच्या वाट्याला मात्र या वेडाची गोड बाजू आली. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये मंदाकिनी कृष्ण झाली. चित्रपट सुरू होतो तोच तिच्या चेहऱ्यापासून. वेगवेगळे भाव एकापाठोपाठ एक तिच्या चेहऱ्यावर उमटत जातात आणि मग तो चेहरा कृष्णाचा होतो. प्रेक्षकाला आधी मुलगी दाखवायची आणि मग देव, ही युक्ती बापालाच सुचावी. आपल्या लेकरात काय काय आहे हे त्यानं किती निरखून पाहिलं होतं, ते त्या एकाच दृश्यात कळतं.

पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयामागेही असाच एक हौशी बाप आहे. दिनकर गंगाधर केळकर चष्म्यांचे व्यापारी, ‘अज्ञातवासी’ नावानं कविता करणारे. दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, वाद्यं असं जे जे हाती लागेल ते गोळा करत ते गावोगाव हिंडले. पत्नी कमलाबाई त्यांच्या बरोबरीनं या कामात होत्या. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. वीस हजारांच्या आसपास वस्तूंचा हा संग्रह पुढे सरकारच्या हवाली झाला आणि त्याला नाव मिळालं ते त्या मुलाचं.

आता हौशी विकत मिळतात. भारीतली सायकल, लांब भिंगाचा कॅमेरा, ट्रेकचे बूट, पक्षी पाहण्याची दुर्बीण. शनिवारी रात्री बॅग भरायची आणि पहाटे चारला दार ओढून घ्यायचं. आठवडाभर राबलेल्या माणसाला हे हवंच, त्यात काही गैर नाही. उलट हौस नसलेला बाप घरात लवकर कुरकुरा होतो. पण त्याच शनिवारी रात्री डबा कोण भरतं, रविवारी मुलांचा अभ्यास कोण घेतं, सायकलच्या हप्त्यासाठी कोणता खर्च पुढे ढकलला गेला आणि तो कुणाचा होता, याचा हिशेब घरात उघडपणे मांडला जातो का? ‘हौसेला मोल नाही’ असं आपण सहज म्हणून जातो. मोल असतं, फक्त बऱ्याचदा ते हौस करणारा देत नाही.

म्हणून हौशी बापांना एक विनंती. पुढच्या रविवारी निघताना मुलांना बरोबर घ्या, दुर्बीण त्यांच्या हातात द्या, त्यांनी ती आपटली तरी चालेल अशी तयारी ठेवा. कुणाला लागलं, कुणी दमलं, की त्या क्षणी परत फिरा, किल्ला पुढच्या रविवारीही तिथंच असेल. आणि घरी थांबणाऱ्या बायकोला तिचा रविवार कसा हवा आहे, हे शनिवारीच विचारा.