वानराने नेले, तो सदका होतो का?

कोयनानगरचा पाऊस पावसाळ्यात वर्तमानपत्रात रोज छापून येतो. कोयना, नवजा, महाबळेश्वर अशी तीन नावे आणि त्यांच्यापुढे मिलिमीटरचे आकडे. वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात परसबाग करणे म्हणजे काय, हे मात्र त्या आकड्यांवरून कळत नाही. जूनमध्ये लावलेली मिरचीची रोपे जुलैत कुजून जातात. मेथी-कोथिंबिरीचे बी उगवण्याआधीच वाहून जाते. तगून राहतात ते मांडवावरचे वेल आणि न्हाणीच्या पाण्यावरचे अळू. म्हणून आमच्या घरी दरवर्षी काकडी, दोडका आणि अळू ठरलेले.

गेल्या भाद्रपदात पावसाने दोन दिवस उघडीप दिली. मांडवाखाली सात काकड्या लटकत होत्या आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे जेवायला यायचे होते. कोशिंबिरीचा बेत मनात पक्का झाला होता. दुपारी वानरांचा कळप उतरला. आम्ही धावत बाहेर आलो, डबा बडवला, दगडही मारले. एक दगड पोटाशी पिलू धरलेल्या मादीच्या पाठीत बसला. ती वळून आमच्याकडे पाहत राहिली, पण हातातली काकडी तिने सोडली नाही. कळप गेला तेव्हा मांडव मोडला होता आणि एक अर्धवट खाल्लेली काकडी चिखलात पडली होती.

अम्मी दारात उभी होती. म्हणाली, "जाऊ द्या आता. सदका झाला म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसाठी अळूचे फदफदे केले. वानरांनी आमच्या अळूला कधी तोंड लावले नाही, त्यामुळे ते तेवढे शिल्लक होते. घाईत चिंच घालायची राहिली आणि पानेही पुरती शिजली नाहीत. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. नीट शिजवले नाही, आंबट घातले नाही, तर ते घशाला टोचतात. दोन घासांतच सगळे पाहुणे घसा खाजवू लागले. दह्याची वाटी फिरली, हसणेही झाले. "वानरांना कळतं ते तुम्हाला कळत नाही," असे एक पाहुणे म्हणाले, आणि आम्हीही हसलो.

पण अम्मीचे वाक्य मनातून जाईना. मुसलमानाने झाड लावले किंवा पेरणी केली आणि त्यातले माणसाने, जनावराने अथवा पाखराने खाल्ले, तर तो त्याच्या नावे सदका होतो, अशा अर्थाची हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. सहीह मुस्लिममधल्या एका रिवायतीत तर चोरीला गेलेले फळही लावणाऱ्याचा सदकाच ठरते. आणि प्रत्येक अमलाचे मोल नीयतीवर, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग आमच्या हातात दगड असताना आमचा सदका कसा झाला? जे आम्ही दिलेच नाही, उलट राखू पाहिले, त्याचा सवाब आम्ही कोणत्या तोंडाने मागायचा?

आम्ही आलिम नाही. परसात उभे राहून जेवढे सुचले तेवढे मांडतो. बी मातीत घालणारा माणूस सगळे पीक आपल्याच ताटात येईल, असे कधी धरून चालत नाही. किड्याचा वाटा, पाखराचा वाटा त्याने आधीच मान्य केलेला असतो. ती नीयत पेरणीच्या वेळची. दगड हातात आला तो नंतरच्या रागाचा. अल्लाहने पहिलीचा हिशेब धरला, तर ती त्याची मेहेरबानी. पण त्या मेहेरबानीने मादीच्या पाठीत बसलेला दगड माफ झाला, असे समजण्याचे कारण नाही. राखण करणे हा आमचा हक्क होता, इजा करणे हा नव्हता.

इथवर विचार करून आम्ही समाधान मानले असते. पण चार दिवसांनी अळूची जुडी घेऊन शेजारच्या आजींकडे गेलो आणि गमतीने सगळा प्रकार सांगितला. आजी धरणग्रस्त. त्यांचे गाव शिवसागराच्या पाण्याखाली गेले तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. भाऊबंद कुणी रायगडला गेले, कुणी सोलापूरकडे. यांनी वर सरकून झोपडे बांधले, ते ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपात पडले. आजी अळूच्या शिरा सोलत ऐकत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "वानरानं काकडी नेली तर तुमी दगूड तरी मारला. आमचा फणस पाण्यात गेला, तवा आमच्या हातात दगूड बी न्हवता."

आम्हाला बोलता आले नाही. आमचे अब्बा धरणाच्या कामावर आले म्हणून आमचे घर इथे झाले. ज्या वसाहतीत आम्ही वाढलो, तीही त्याच खोऱ्याच्या जमिनीवर उभी राहिली. कोयनेचे चारही टप्पे मिळून सुमारे १९६० मेगावॅट वीज तयार होते. आमच्या स्वयंपाकघरातला मिक्सर त्याच राज्याच्या विजेवर फिरतो. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला, तोवर आजींचा फणस बुडून पंधराएक वर्षे उलटली होती. २०१८ सालीही धरणग्रस्त कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. आणि आपण काय म्हणतो? त्यांनी महाराष्ट्रासाठी त्याग केला.

इथे ती रिवायत आम्हाला नव्याने उमगली. चोरीला गेलेले फळ लावणाऱ्याच्या नावे सदका होते, पण त्यामुळे चोरी हलाल होत नाही. तो दिलासा ज्याचे गेले त्याच्यासाठी आहे, ज्याने नेले त्याच्यासाठी नाही. वानराला हिशेब नाही, माणसाला आहे. आपले काही गेले, तर त्याला सदका म्हणून मन मोठे करावे. दुसऱ्याचे आपल्याकडे आले असेल, तर त्याला त्याचा त्याग म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या वहीत ते कर्ज म्हणूनच लिहिले पाहिजे. आम्ही नेमके उलट करतो. काकडीसाठी दगड उचलतो आणि बुडालेल्या गावांसाठी भाषणे करतो.

हे कर्ज आमच्या परसातून फिटणारे नाही, ते आम्ही जाणतो. ते फेडण्याचे काम सरकारचे आहे, आणि त्यासाठी धरणग्रस्तांच्या बाजूने बोलण्याचे काम आमचे. तरी या जूनमध्ये आजींना विचारून त्यांच्या कुंपणाशी फणसाची आठळी लावली. फणस धरायला सात-आठ वर्षे लागतात. आजी हसून म्हणाल्या, "मी कुठं असणार खायाला?" मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "वानरं तरी खातील."

मांडव पुन्हा घातला आहे. वेल एक जास्तीचा सोडला आहे. डबा अजूनही वाजवतो, दगड मात्र उचलत नाही. आणि अळूत चिंच आठवणीने घालतो.