विश्वस्तवृत्ती : आदर्श आणि व्यवहार

संपत्तीचा धारक तिचा मालक नसून समाजाच्या वतीने ती सांभाळणारा विश्वस्त आहे, आणि वाजवी गरजांपुरते घेऊन उरलेल्याचा विनियोग त्याने लोकहितासाठी करावा, हे महात्मा गांधींच्या विश्वस्तवृत्तीच्या सिद्धान्ताचे सार होय. त्याग करून उपभोग घ्यावा व दुसऱ्याच्या धनाचा लोभ धरू नये, ही ईशोपनिषदाची शिकवण आणि गीतेतील अपरिग्रह, म्हणजे संचयाचा त्याग, यांचा त्याला आधार आहे. मात्र हा अपरिग्रह व्यवहारात कसा आचरावा, याचा उलगडा गांधींना इंग्रजी कायद्यातील विश्वस्ताच्या कल्पनेतून झाला.

माणूस स्वभावतः स्वार्थी असल्याने ही व्यवस्था अव्यवहार्य आहे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. पूर्ण विश्वस्तवृत्ती यूक्लिडच्या बिंदूप्रमाणे अप्राप्य असली तरी तिच्या दिशेने प्रयत्न केल्यास समता अधिक साधेल, असे गांधींचे त्यावर म्हणणे होते. हे उत्तर व्यक्तीच्या साधनेला पुरेसे आहे, व्यवस्थेला नाही. कायद्यातील विश्वस्ताला लाभार्थी, म्हणजे ज्याच्या हितासाठी न्यास स्थापन झाला तो, हिशेब विचारू शकतो आणि कसूर झाल्यास न्यायालयात दाद मागू शकतो. गिरणीमालकाने स्वतःला विश्वस्त म्हणवून घेतले, परंतु कामगाराला जमाखर्च पाहण्याचा अधिकार मिळाला नाही, तर कर्तव्याची मेहेरबानी होते.

ही उणीव गांधींच्या ध्यानात आली नव्हती, असे म्हणता येत नाही. त्यांनी संमत केलेला आणि १९५२ मध्ये ‘हरिजन’ साप्ताहिकात प्रसिद्ध झालेला विश्वस्तवृत्तीचा मसुदा मालकी व संपत्तीचा वापर यांच्या कायदेशीर नियमनाला वाव ठेवतो, तसेच किमान व कमाल उत्पन्नाला मर्यादा घालावी असे सांगतो. त्या दोहोंतील प्रमाण किती असावे, हे मात्र त्यात आकड्यांत दिलेले नाही.

हा आकडा इंग्लंडमधील एका कारखान्याने ठरवून दाखविला. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे अर्नेस्ट बेडर यांनी १९५१ मध्ये आपल्या स्कॉट बेडर या रसायन-उद्योगाचे ९० टक्के भाग कामगारांच्या सामूहिक संस्थेकडे सोपविले आणि उरलेले १९६३ मध्ये दिले. सर्वांत कमी व सर्वांत अधिक वेतन यांत एकास सातपेक्षा जास्त अंतर असू नये, युद्धासाठी वापर करणाऱ्या ग्राहकांना माल विकू नये, असे निर्बंध संस्थेने लिखित स्वरूपात स्वीकारले. बेडर यांची प्रेरणा धार्मिक होती. परंतु त्यांच्या पश्चात कारभार टिकला तो मालकीचे हस्तांतर कायम झाल्यामुळे.

म्हणून विश्वस्तवृत्ती व्यवहार्य आहे, पण सशर्त. दात्याने परत घेण्याचा अधिकार सोडला आणि लाभार्थ्याला हिशेब मागण्याचा अधिकार मिळाला, तरच तिला व्यवस्था म्हणता येईल; एरवी ते धनिकाचे दातृत्व होय.